खुणांचे लेखन आणि स्थानाचा प्रश्न

खुणांच्या भाषेला लिपी देण्याचे प्रयत्न नवे नाहीत. विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकन खूणभाषेचे विश्लेषण करताना स्थान, हस्ताकृती व हालचाल हे खुणेचे तीन घटक मानले आणि त्यांसाठी एका ओळीत लिहावयाची चिन्हे योजिली. व्हॅलरी सटन यांनी १९७४ साली डेन्मार्कमध्ये, आपल्या नृत्यलेखनपद्धतीच्या आधारे, ‘साइनरायटिंग’ ही लिपी सिद्ध केली. तिचा मार्ग निराळा आहे. येथे वर्तुळ म्हणजे मस्तक. त्या वर्तुळाच्या ज्या भागापाशी हाताचे चिन्ह असेल, त्या भागापाशी हात आहे असे वाचावयाचे. कागदावरील जागा हाच लिपीचा एक वर्ण होय.

जून २०१५ मध्ये युनिकोडच्या आठव्या आवृत्तीत या लिपीचा समावेश झाला. ६५२ मूळ चिन्हे आणि त्यांचा भराव व दिशा दाखविणारी २० साहाय्यक चिन्हे, अशी एकूण ६७२ चिन्हे संगणकीय लेखनास उपलब्ध झाली. ही प्राप्ती अल्प नव्हे. परंतु चिन्हांची परस्परसापेक्ष जागा मात्र या संकेतात आलेली नाही.

अमेरिकन खूणभाषेत पसरलेल्या पंजाचा अंगठा कपाळाला टेकविला म्हणजे ‘वडील’, हनुवटीला टेकविला म्हणजे ‘आई’. वर्तुळ, पंजा व स्पर्शाचे चिन्ह एवढेच ओळीने साठविले, तर या दोन शब्दांतील भेद पुसला जातो. जे उरते ती वर्णांची यादी. तिला लेखन म्हणता येत नाही.

ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, पण संगणकात ती व्यंजनानंतर साठविली जाते, असा प्रतिवाद कोणी करील. तथापि वेलांटीची जागा नियमाने ठरते, म्हणूनच फॉन्ट ती सावरू शकतो. कपाळ की हनुवटी, हे ठरविणारा नियम नाही. तो लिहिणाऱ्याचा अर्थ आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनाची चिन्हेही युनिकोडमध्ये स्वराच्या उंचीवाचून आली आहेत, हे खरे. परंतु स्वरलेखनात कोणी आईला पत्र लिहीत नाही.

स्टीफन स्लेव्हिन्स्की यांच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाची जागा रोमन अक्षरे व अंक यांनी नोंदविली जाते. त्यामुळे अर्थ टिकतो, शोधही घेता येतो. मात्र विशेष आज्ञावली नसेल तेथे कर्णबधिर वाचकापुढे आपल्या भाषेऐवजी आकड्यांची रांग उभी राहते.

सारांश, चिन्हांना संगणकात स्थान मिळाले, चिन्हांच्या स्थानाला मिळाले नाही. ओळ हेच लेखनाचे मूलरूप, हे गृहीत उच्चारित भाषांच्या अनुभवातून आलेले आहे. ते तपासल्यावाचून या लिपीला पुरता न्याय मिळणार नाही.