कॉलेजच्या जुन्या याद्या आणि आपली घराणी

आपल्या बालाघाटकडे घराण्याचा इतिहास लिहायची हौस वाढली आहे, ही चांगली गोष्ट आहे. समाजाच्या स्मरणिकेत किंवा एखाद्या घरच्या छापील पुस्तिकेत एक वाक्य हमखास सापडतं: ‘आमचे पणजोबा नागपूरहून पदवी घेऊन आलेले गावातले पहिले गृहस्थ.’ पुरावा म्हणून कॉलेजची किंवा विद्यापीठाची जुनी यादी दाखवली जाते. त्या यादीत नाव मिळालं नाही, तर तीच यादी उलट्या बाजूने वापरून पणजोबांना खोटं ठरवणारेही आहेत. माझा आक्षेप याद्यांवर नाही. त्या वाचायच्या या दोन्ही तऱ्हांवर आहे.

पहिला प्रश्न असा की यादी कुठली? बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनीकडचे तुकडे जोडून झाला आणि नागपूर विभागात गेला. वरच्या शिक्षणाला पोरं नागपूरला जात, नाहीतर जबलपूरला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. पण पदवी कॉलेज देत नसे, विद्यापीठ देई. आणि नागपूरला विद्यापीठ झालं ते १९२३ साली. त्याआधी आपल्या प्रांतातली कॉलेजं सुरुवातीला कलकत्त्याला जोडलेली होती आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबादकडे गेली. म्हणजे १८९५ चा पदवीधर कलकत्त्याच्या कॅलेंडरात शोधायचा, १९१५ चा अलाहाबादच्या. नागपूर विद्यापीठाच्या यादीत १९१५ चा माणूस नाही म्हणून बोंब मारण्यात काय हशील? पुढे १९४६ साली सागर आणि १९५६ साली जबलपूर विद्यापीठ निघालं. त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. आजोबांचे कागद एका राज्यात, नातवंडं दुसऱ्या राज्यात, अशी आपल्याकडच्या कितीतरी घरांची गत आहे.

दुसरा प्रश्न, यादी सांगते तरी किती? केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा कोश वेन पितापुत्रांनी १९२२ ते १९५४ या काळात दहा खंडांत काढला. १९०० पर्यंतचे विद्यार्थी त्यात आहेत. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, आधीची शाळा, पुढचा पेशा हेही येतं. सागरचे हरिसिंह गौर हिस्लॉपमध्ये शिकून केंब्रिजला गेले. त्यांच्यासारख्याचा माग असा काढता येतो. आपल्याकडच्या कॅलेंडरात मात्र नाव, कॉलेज, वर्ष, फार तर श्रेणी. ना गाव, ना तहसील. तेवढ्यावरून ‘हेच आमचे’ म्हणणं धाडसाचं आहे. एकाच नावाचे दोघं चार वर्षांच्या अंतराने सहज निघतात.

त्यात नावांचा घोळ. घरी पोवारी, शाळेत मराठी किंवा हिंदी, कॉलेजात इंग्रजी; तीन जागी तीन नावं. पवार, पोवार, पंवार हे इंग्रजीत कारकुनाच्या मर्जीने लिहिलं जाई. मोठ्यांनाही हे चुकलं नाही. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालेल्या बाबासाहेबांचं नाव रजिस्टरात भीमराव नाही, भिवा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. माहेरचं त्यांचं नाव यमुना. तिथल्या कागदांत यमुना शोधत बसलं तर हाती काही लागायचं नाही. आपल्या आज्या-पणज्यांचा माग इथेच तुटतो. शिकलेल्या बाईचं माहेरचं नाव कोणत्या वहीत आहे आणि सासरचं कोणत्या, हे ठरवल्याशिवाय यादी उघडण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पदवीधरांच्या यादीत पास झालेलेच असतात. माझ्या आजोबांना घरात ‘बी. ए. झालेले’ म्हणत. एकाही यादीत ते नाहीत. कॉलेजच्या प्रवेश-रजिस्टरात मात्र ते सलग तीन वर्षं आहेत, वडिलांच्या नावासकट, गावासकट. म्हणजे बी. ए.च्या वर्गापर्यंत गेले, परीक्षा निघाली नाही. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबांना आता फेल ठरवायला निघालास का?’ मी ठरवत नाही. उलट, पदवीच्या यादीने जे आजोबा पुसले होते ते या रजिस्टरात सापडले. फी कुठून आली, मधेच का सोडलं, हे प्रश्न त्या नोंदीमुळेच विचारता येतात. नुसत्या ‘बी. ए.’ या शब्दाने ते कधीच सुचले नसते.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. सीमेपलीकडे गोंदिया-नागपुरात आपले सोयरे आहेत. महाराष्ट्रात जात-पडताळणीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा. तिथे शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातली एक ओळ पोराच्या ॲडमिशनचा निकाल लावते. अशा वेळी स्मरणिकेतलं गोड वाक्य कामाला येत नाही, आणि यादीतला ‘आपलाच असावा’ असा माणूसही येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यादी हा शेवटचा पुरावा मानू नका, पहिली खूण माना. वर्ष मिळालं की विद्यापीठ ठरवा, मग कॉलेजचं प्रवेश-रजिस्टर, मग गावच्या शाळेचं दाखल-खारिज, आणि शेवटी मालगुजारीच्या काळचे जमिनीचे कागद. बापाचं नाव आणि गाव किमान दोन ठिकाणी जुळलं तरच ‘आमचे’ लिहा. नाहीतर ‘बहुधा’ हा शब्द आहेच. तो वापरायला लाज कसली? आणि लिहिताना वहीचं नाव, वर्ष, पान क्रमांक टाका. पुढच्या पिढीला आपला शब्द तपासता आला पाहिजे.