‘लाचार’: अर्थांतर आणि निवाडा

‘लाचार’ म्हणताच मराठी वाचकापुढे वाकलेला कणा आणि लाळघोटेपणा उभा राहतो. शब्दाची घडण मात्र निराळी आहे. अरबी नकारदर्शक ‘ला’ आणि फारसी ‘चारा’, म्हणजे उपाय. ज्याच्यापुढे उपायच उरलेला नाही तो लाचार. हा ‘चारा’ मराठीला परका नाही. ‘त्यावाचून चारा नाही’ या प्रयोगात तो अजून मूळ अर्थानेच नांदतो. हिंदीतही लाचार माणूस मुख्यतः अगतिकच राहिला. मराठीने मात्र परिस्थितीवाचक शब्दाला स्वभावदोषाचे नाव केले.

‘नाइलाज’ हा घडणीने त्याचा सख्खा भाऊ. पण नाइलाज झालेल्याला कोणी तुच्छ लेखत नाही. याचे कारण बोलणाऱ्याच्या स्थानात असावे. ‘नाइलाज’ माणूस बहुधा स्वतःविषयी सांगतो, ‘लाचार’ तो दुसऱ्याला म्हणतो. (‘हुजरेगिरी’ची घसरण वेगळी: हुजुरातील सेवकाच्या पदाचे नाव तेथे वृत्तीला चिकटले.)

समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्याच १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (याच नावाचा संग्रह, १९६३) पाहावी. उधन्याला रेल्वेत नोकरीस लागलेला निवेदक भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. त्याच ठिकाणी काशिनाथ ती उघड सांगतो आणि अपमानाला चाकूने उत्तर द्यायला सिद्ध असतो. दोघांना शेजारी ठेवून निवेदकाला लाचार ठरवणे सोपे आहे. तसे वाचन प्रचलित अर्थाला शरण जाते. खोली जातीवर मिळते, तेथे लपवण्यावाचून चारा काय, हा प्रश्न ते विचारीत नाही.

काशिनाथचे रेखाटन काहीसे नाट्यपूर्ण आहे, हेही मान्य करावे लागते. कथेचा कस लागतो तो निवेदकाच्या ठिकाणी. जात चोरणारा हा माणूस वृत्तीने ताठ आहे. स्वाभिमान आणि चोरी त्याच्यात एकत्र राहतात. जात उघड झाल्यावर त्याला मार बसतो. या माराचे मूळ तो मारणाऱ्या हातांत शोधत नाही, मनूपर्यंत नेतो. ‘ला-चार’मधला उपायाचा अभाव कोणी निर्माण केला, याचे उत्तर बागुलांनी तेथे ठेवले आहे.