'वैयक्तिक मत' आणि कंपनीचा आवाज : हवामानविषयक जाहीर अभिव्यक्तीची चिकित्सा

प्रस्तावना

अंकातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही, हा खुलासा मराठी नियतकालिकांच्या वाचकास चांगलाच परिचित आहे. शासकीय अनुदान घेणाऱ्या नियतकालिकांत अनुदान देणाऱ्या मंडळाच्या आणि शासनाच्या वतीनेही तो छापला जातो. या एका ओळीने दोन गोष्टी साधतात. लेखकाला बोलण्याची मोकळीक मिळते आणि त्याच्या बोलण्याची जबाबदारी संस्थेवर येत नाही. महाजालावर लिहिणारे कंपन्यांतील तंत्रज्ञ आपल्या अनुदिनीच्या समासात 'येथील मते वैयक्तिक आहेत' असे नमूद करतात, तेव्हा तेही आपल्या मालकाशी असाच एक अलिखित करार करीत असतात.

प्रस्तुत लेखात या कराराची चिकित्सा हवामानबदलावरील उपायांच्या संदर्भात केली आहे. त्यासाठी अमेरिकेतील दोन उदाहरणे घेतली आहेत : सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीने २००४ मध्ये स्वीकारलेले खुल्या संवादाचे धोरण आणि ॲमेझॉनमध्ये २०१९ ते २०२१ या काळात घडलेला संघर्ष. ही दोन्ही उदाहरणे टिम ब्रे या एकाच तंत्रज्ञाच्या कारकिर्दीने जोडली गेली आहेत, म्हणून त्यांची तुलना विशेष उद्बोधक ठरते. कर्मचाऱ्याचे मत कंपनीच्या व्यवसायाला पूरक असते तोवर ते 'वैयक्तिक' म्हणून खपते. व्यवसायालाच प्रश्न विचारू लागले की त्याचा 'नियमभंग' होतो. हवामानविषयक उपायांच्या चर्चेला मात्र या दुसऱ्या प्रकारच्या मतांचीच अधिक गरज आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सचा प्रयोग

कंपनीने जगाशी बोलायचे ते जनसंपर्क विभागामार्फत, हा विसाव्या शतकातील रूढ संकेत होता. सनने २००४ मध्ये तो मोडला. कोणत्याही कर्मचाऱ्यास वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता जाहीरपणे लिहिण्याची मुभा देणारे धोरण कंपनीने प्रसिद्ध केले. ते तयार करण्यात ब्रे यांचा प्रमुख वाटा होता. गुपिते फोडू नयेत, आर्थिक आकडे आधी सांगू नयेत, आपल्याला जे ठाऊक आहे त्याविषयी लिहावे, अशा साध्या सूचना त्यात होत्या. या मोकळिकीत धोका अधिक आहे आणि लाभही अधिक आहे, हे कंपनीने उघडपणे मान्य केले होते.

त्याच वर्षी अनुदिनी लिहू लागलेले जोनाथन श्वार्ट्झ २००६ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. महत्त्वाची आर्थिक माहिती सर्वांना एकाच वेळी मिळावी, या नियमाची पूर्तता अनुदिनीतूनही होऊ शकते, अशी मागणी त्यांनी अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाकडे केली. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांनी तिला श्वार्ट्झ यांच्या अनुदिनीवरच प्रतिसाद लिहून उत्तर दिले. पुढे २००८ मध्ये आयोगाने कंपन्यांच्या संकेतस्थळांविषयी मार्गदर्शक भूमिका जाहीर केली. खुल्या संवादाचा आग्रह नियामकापर्यंत पोहोचला होता, हे यावरून दिसते.

सनच्या या लेखनात ऊर्जाबचत आणि पर्यावरण हे विषय वारंवार येत. याचे कारण उघड होते. २००५ च्या अखेरीस कंपनीने कमी वीज वापरणाऱ्या प्रक्रियकावर आधारलेले सर्व्हर बाजारात आणले होते. कॅलिफोर्नियातील पीजी अँड ई या वीज कंपनीने २००६ मध्ये असे सर्व्हर घेणाऱ्या ग्राहकांना सवलतही देऊ केली. सर्व्हर जितका कमी तापतो तितका वातानुकूलनाचा खर्च कमी, हे गणित ग्राहकाच्या आणि पृथ्वीच्याही हिताचे होते. त्यामुळे सनच्या अभियंत्याने हवामानाविषयी व्यक्त केलेले प्रामाणिक मत आणि कंपनीची जाहिरात यांची दिशा आपोआपच एक झाली.

येथे सनच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. परंतु त्या मोकळेपणाची या विषयात खरी परीक्षा कधी झालीच नाही, हे लक्षात घ्यावे लागते. यंत्रे कमी विकावीत किंवा अमुक ग्राहकाला विकूच नयेत, असे तेथील कर्मचारी संघटितपणे म्हणाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि स्वतंत्र कंपनी म्हणून तिचे अस्तित्व संपले.

ॲमेझॉनमधील संघर्ष

जी परीक्षा सनमध्ये झाली नाही ती ॲमेझॉनमध्ये झाली. एप्रिल २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या एका गटाने जेफ बेझोस आणि संचालक मंडळ यांना उद्देशून एक खुले पत्र महाजालावर प्रसिद्ध केले. त्यावर अखेरीस ८,७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावानिशी सह्या केल्या. डिसेंबर २०१४ पासून ॲमेझॉनमध्ये असलेले ब्रे त्यांपैकी एक होते. कंपनीने सर्वंकष हवामान आराखडा स्वीकारावा, अशी मागणी करणारा भागधारकांचा ठराव त्या पत्राच्या केंद्रस्थानी होता. खनिज तेल व वायू यांच्या उत्खननाला गती देणाऱ्या खास संगणकीय सेवा बंद कराव्यात, अशीही त्यात मागणी होती. मे २०१९ च्या वार्षिक सभेत तो ठराव नामंजूर झाला.

पत्रातील मागण्या दोन प्रकारच्या होत्या. विजेवर चालणारी वाहने, सौर व पवन ऊर्जा, उत्सर्जनाचा हिशेब या मागण्या 'कंपनीने अधिक काही करावे' अशा स्वरूपाच्या होत्या. तेल कंपन्यांना दिली जाणारी सेवा थांबवण्याची मागणी मात्र 'कंपनीने काही करू नये' अशी होती. पहिल्या प्रकाराला प्रतिसाद मिळाला. १९ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नियोजित कामबंद आंदोलनाच्या आदल्या दिवशी, २०४० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याची प्रतिज्ञा बेझोस यांनी जाहीर केली आणि एक लाख विद्युत वाहनांची मागणी नोंदवल्याचे सांगितले. कंपनीचे एकूण उत्सर्जनही तेव्हाच प्रथम प्रसिद्ध झाले. २०१८ साली ते सुमारे ४ कोटी ४४ लाख टन होते. दुसरी मागणी मान्य झाली नाही. ऊर्जाक्षेत्रालाही इतर उद्योगांसारखेच तंत्रज्ञान मिळाले पाहिजे, अशी भूमिका कंपनीने घेतली.

यापुढील घटनाक्रम कराराच्या मर्यादा उघड करतो. कंपनीच्या व्यवसायाविषयी परवानगीविना जाहीरपणे बोलणाऱ्या काही कर्मचाऱ्यांना बडतर्फीचा इशारा देण्यात आल्याचे जानेवारी २०२० च्या आरंभी उघड झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस ३५० हून अधिक कर्मचाऱ्यांनी आपापल्या नावांनी आणि हुद्द्यांनिशी मते प्रसिद्ध करून तो नियम जाणीवपूर्वक मोडला. एप्रिल २०२० मध्ये या चळवळीतील दोन अग्रणी, मॅरन कोस्टा आणि एमिली कनिंगहॅम, यांना कामावरून काढण्यात आले. त्या सुमारास त्या दोघी करोनाकाळातील गोदाम कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही मांडत होत्या. अंतर्गत नियमांचा वारंवार भंग, हे कंपनीने दिलेले कारण होते. १ मे २०२० हा ब्रे यांचा कंपनीतील अखेरचा दिवस ठरला. त्यानंतर त्यांनी आपल्या अनुदिनीत राजीनाम्याची कारणे सविस्तर लिहिली. उपाध्यक्षपदावर राहणे म्हणजे न पटणाऱ्या कृतींवर सही करणे होय, असा त्यांचा आशय होता. या निर्णयाची किंमत दहा लाख डॉलरहून अधिक असावी, हेही त्यांनी नोंदवले.

२००४ मध्ये कर्मचाऱ्यांनी निर्भयपणे लिहावे यासाठी नियम घडवणाऱ्या माणसाला २०२० मध्ये मोकळेपणाने लिहिण्यासाठी आधी नोकरी सोडावी लागली. धोरण सनचे होते आणि नोकरी ॲमेझॉनची, हा भेद खरा आहे. तरीही सोळा वर्षांत मोकळेपणाचे काय झाले, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाला एप्रिल २०२१ मध्ये या दोघींच्या तक्रारीत तथ्य आढळले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये थकीत वेतन देण्याच्या अटीसह तडजोड झाली. या निकालाचा अर्थ मर्यादेतच घ्यायला हवा. १९३५ चा तेथील कायदा परस्परसाहाय्यासाठी केलेल्या सामूहिक कृतीला आणि कामाच्या परिस्थितीशी निगडित अभिव्यक्तीला संरक्षण देतो. हवामानाविषयी एकट्याने मांडलेल्या मताला तेच कवच मिळेल, अशी खात्री त्यातून मिळत नाही.

कंपनीचे आकडे आणि कर्मचाऱ्यांचे प्रश्न

कंपन्यांची बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. सूचिबद्ध कंपनीतील व्यक्तीच्या बोलण्याने समभागांची किंमत हलू शकते. एका विभागातील अभियंत्याला संपूर्ण व्यवसायाचे चित्र दिसत नाही. प्रत्येकाचे मत कंपनीचे मत म्हणून छापले गेले तर गोंधळ माजेल. हे आक्षेप पोकळ नाहीत. ३५० निवेदनांपैकी सर्वच सारख्या अभ्यासाने लिहिलेली असणे शक्य नव्हते, आणि नुसते मत पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

तथापि अधिकृत माहितीही एकसंध सत्य सांगत नाही. ॲमेझॉनच्या २०२१ च्या अहवालानुसार एकूण उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा १८ टक्क्यांनी वाढून सुमारे ७ कोटी १५ लाख टन झाले. त्याच वर्षी विक्रीच्या प्रत्येक डॉलरमागील उत्सर्जन १.९ टक्क्यांनी घटले. दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु वातावरणाचा संबंध एकूण टनांशी असतो. कोणता आकडा शीर्षकात घालायचा आणि कोणता आतल्या पानात, हा निर्णय संपादकीय स्वरूपाचा असतो. पुढे २०२३ सालच्या आपल्या वापराइतकी शंभर टक्के वीज नवीकरणीय असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या गटाने त्या हिशेबाच्या पद्धतीवर हरकत घेतली. वार्षिक बेरीज जुळली तरी एखादे केंद्र रात्री प्रत्यक्षात कोणत्या विजेवर चालते हा वेगळा प्रश्न आहे, आणि यंत्रणा आतून पाहिलेली माणसे तो विचारू शकतात. त्यांच्या 'वैयक्तिक' मताचे मूल्य नेमके येथे आहे.

मत कोणाचे?

'वैयक्तिक मत' या शब्दांना सर्वत्र सारखे वजन नसते, हे आणखी एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ब्राझीलमधील बेलेम येथील हवामान परिषदेच्या तोंडावर, बिल गेट्स यांनी आपल्या संकेतस्थळावर एक दीर्घ टिपण प्रसिद्ध केले. हवामानबदल गंभीर असला तरी मानवजातीचा अंत करणार नाही, तापमान हे प्रगतीचे सर्वोत्तम माप नव्हे, आणि गरीब देशांत आरोग्य व शेती यांवरील खर्चाला अग्रक्रम हवा, असा त्याचा रोख होता. अनेक हवामानशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. या मांडणीत विचारार्ह भागही आहे. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला आधी तगून राहायचे असते, हे नाकारता येत नाही. परंतु उत्सर्जनघट आणि आरोग्य यांना स्पर्धक ठरवणे ही त्या टिपणाची दुबळी बाजू आहे, कारण उष्णतेच्या लाटा व अवेळी पाऊस यांचा पहिला फटका आरोग्याला आणि शेतीलाच बसतो.

येथे महत्त्वाचा मुद्दा असा की, गेट्स यांनी २०१५ मध्ये स्थापन केलेल्या ब्रेकथ्रू एनर्जीमार्फत याच क्षेत्रात मोठी गुंतवणूक झालेली आहे. तरीही त्यांच्या मताला कोणाची परवानगी लागली नाही. याच्या उलट, नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बेसुमार विस्ताराविषयी इशारा देणाऱ्या खुल्या पत्रावर ॲमेझॉनच्या एक हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या, तेव्हा त्यांनी आपली नावे दिली नाहीत; केवळ हुद्दे दिले. २०१९ मधील नावे २०२५ मध्ये गळून पडली. ही गळती भीतीची खूण मानावी लागते.

भारतीय संदर्भ

ॲमेझॉनच्या संगणकीय सेवेचे मुंबई परिसरातील केंद्र २०१६ पासून कार्यरत आहे. पुणे व मुंबई येथील हजारो मराठी तंत्रज्ञ अशाच जागतिक कंपन्यांत काम करतात. म्हणून हा प्रश्न केवळ सिॲटलचा राहत नाही. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली. २०१३ च्या कंपनी कायद्यात गैरप्रकार कळवण्यासाठी अंतर्गत यंत्रणेची तरतूद आहे.

ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांत कंपनीने काय सांगावे आणि काय सांगू नये याचाच विचार आहे. अंतर्गत यंत्रणा हे तर आतल्या आत सांगण्याचे दार आहे. अहवालातील आकड्याबद्दल जाहीर शंका घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे काय, याचे उत्तर या व्यवस्थेत मिळत नाही. लेखापरीक्षक हिशेब तपासतो. हिशेबात काय धरलेच गेले नाही, हे बहुधा काम करणाऱ्यालाच ठाऊक असते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सनचे धोरण मोकळेपणाचा प्रामाणिक आरंभ होता, परंतु व्यवसायहित आणि पर्यावरणहित एकत्र आल्यामुळे हवामानाच्या प्रश्नावर त्याची कसोटी लागली नाही. दुसरी, ॲमेझॉनमध्ये ही हिते एकमेकांसमोर आली तेव्हा 'वैयक्तिक मत' हे कवच पुरले नाही. तिसरी, 'कंपनीने अधिक काही करावे' अशा उपायांना जाहीर संवादात सहज जागा मिळते. 'कंपनीने हे थांबवावे' अशा उपायांना मिळत नाही. हवामानबदलावरील उपायांच्या चर्चेत नव्या तंत्रज्ञानाचे पारडे नेहमी जड का दिसते, याचे एक कारण येथे शोधता येईल.

गुपितांचे रक्षण आणि आर्थिक माहितीची शिस्त राखूनही, कंपनीच्या प्रसिद्ध झालेल्या दाव्यांवर कर्मचाऱ्याला स्वतःच्या नावाने शंका घेता यावी, एवढी किमान मुभा धोरणात असणे आवश्यक आहे. मतांशी सहमत असेलच असे नाही, असे छापणारा संपादक निदान ती मते छापतो. कंपन्यांकडूनही याहून अधिक अपेक्षा नाही.