स्मरणातील पाठ आणि पडद्यावरील पाठ

(१)

वाङ्मयकृतीच्या समीक्षकाला एक सोय सहसा गृहीत धरता येते. ज्या कृतीविषयी तो लिहितो ती त्याच्या मेजावर उघडी असते. एखाद्या अवतरणाविषयी शंका आली की पान उलटून तिचे निरसन करता येते. चित्रपटाच्या समीक्षकाला ही सोय फार उशिरा लाभली. व्हिडिओ फिती घरोघर येईपर्यंत चित्रपट ही काळोख्या प्रेक्षागृहात एकदा, फार तर चारदोनदा, पाहावयाची वस्तू होती. त्यानंतरचे सारे विवेचन बव्हंशी स्मरणाच्या आधारावरच चालत असे. चित्रपट अधूनमधून प्रदर्शित होत असेल तर ह्या स्मरणाची पडताळणी निदान शक्य कोटीतील असते. परंतु तो जाणूनबुजून प्रदर्शनातून काढून घेतला गेला तर समीक्षेचा विषय कोणता मानावयाचा, मूळ चित्रपट की त्याचे स्मरण? आल्फ्रेड हिचकॉकच्या पाच चित्रपटांच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्षच उपस्थित झाला होता. ते चित्रपट पुढे परत आले, आणि म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर तपासून पाहण्याची दुर्मीळ संधीही अभ्यासकांना मिळाली.

हे पाच चित्रपट म्हणजे ‘रोप’ (१९४८), ‘रिअर विंडो’ (१९५४), ‘द ट्रबल विथ हॅरी’ (१९५५), ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) आणि ‘व्हर्टिगो’ (१९५८). त्यांपैकी ‘रोप’ हिचकॉकच्या स्वतःच्या भागीदारीतील संस्थेने काढलेला होता. उरलेले चार पॅरामाउंटने वितरित केले, परंतु ठरावीक मुदतीनंतर त्यांचे हक्क दिग्दर्शकाकडे परत यावेत असा करार होता. हक्क हाती आल्यावर हे चित्रपट क्रमाक्रमाने प्रदर्शनातून नाहीसे झाले, आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून ते राजमार्गाने पाहावयास मिळेनासे झाले. २९ एप्रिल १९८० रोजी हिचकॉक निधन पावला. त्यानंतर युनिव्हर्सल कंपनीने हक्क मिळवून १९८३-८४ मध्ये हे पाचही चित्रपट पुन्हा प्रदर्शित केले. म्हणजे ते नष्ट झाले नव्हते आणि त्यांच्यावर बंदीही नव्हती; मालकाने ते दाराआड ठेवले होते एवढेच.

ह्या अज्ञातवासात त्यांची कीर्ती ओसरावयास हवी होती. ‘व्हर्टिगो’च्या बाबतीत नेमके उलट घडले. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी जगातील समीक्षकांचा कौल घेऊन सर्वोत्कृष्ट चित्रपटांची यादी प्रसिद्ध करते. १९८२ च्या कौलात ‘व्हर्टिगो’ प्रथमच पहिल्या दहांत आला आणि अन्य दोन चित्रपटांच्या जोडीने सातव्या स्थानी बसला. त्या वर्षी तो सर्वसामान्य प्रेक्षकाला कोठेही पाहता येत नव्हता. क्वचित एखादी खासगी प्रत कोणाच्या पाहण्यात आली असेल हे मान्य केले, तरी बहुसंख्य मते जुन्या दर्शनाच्या स्मरणावर दिली गेली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. पुढे १९९२ मध्ये तो चौथा, २००२ मध्ये दुसरा आणि २०१२ मध्ये ‘सिटिझन केन’ला मागे सारून पहिला आला; २०२२ मध्ये तो दुसऱ्या स्थानी आहे. ह्या चढणीची पहिली पायरी चित्रपटाच्या अनुपस्थितीत बांधली गेली, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

(२)

अशा स्मरणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रचलित आहेत. पहिली दृष्टी स्मरणाला पुरावा मानावयासच तयार नसते. तिच्या मते चित्रपट परत आला की त्याविषयीच्या आठवणी निकालात निघाल्या. दुसरी दृष्टी रसिकाची. तिला आठवणीच अधिक प्रिय असतात, आणि प्रत्यक्ष चित्रपट त्यांच्याशी जुळला नाही तर दोष चित्रपटाकडे जातो. ह्या दोहोंहून विवेकी भूमिका स्टॅन्ली कॅव्हेल ह्यांनी घेतली. त्यांचा ‘द वर्ल्ड व्ह्यूड’ हा ग्रंथ १९७१ मध्ये, मुख्यतः स्मरणाच्या आधारे लिहिला गेला. १९७९ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी आपल्या वर्णनांत तपशिलाच्या व क्रमाच्या चुका असल्याचे मान्य केले, परंतु त्या दुरुस्त केल्या नाहीत. कलाकृतीतील काय लक्षात राहते, हाच अभ्यासाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो, असा त्यांचा त्यामागील विचार होता.

हा विचार पुढे न्यावयाचा तर चुका मोजून भागणार नाही, चुकांची रीत पाहावी लागेल. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ एफ. सी. बार्टलेट ह्यांनी १९३२ च्या आपल्या ‘रिमेंबरिंग’ ह्या ग्रंथात हाच मार्ग अनुसरला होता. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांकडून काही काळाच्या अंतराने पुनःपुन्हा सांगवून घेतली. अपरिचित तपशील गळत गेले, आणि उरलेली कथा सांगणाराच्या समजुतीप्रमाणे सरळ व सुसंगत होत गेली. हिचकॉकच्या चित्रपटांविषयीच्या प्रचलित समजुती ह्याच कसोटीवर घासून पाहता येतात.

प्रथम ‘रोप’चे उदाहरण घ्यावे. हा चित्रपट एकाच अखंड शॉटमध्ये आहे, किंवा निदान तसा भास अथपासून इतिपर्यंत राखलेला आहे, अशी त्याची ख्याती आहे. प्रत्यक्षात सुमारे ऐंशी मिनिटांच्या ह्या चित्रपटात दहाएक जोड आहेत. त्यांपैकी साधारण निम्मे, कॅमेरा एखाद्याच्या पाठीवरील काळ्या कोटाशी नेऊन, लपविलेले आहेत. उरलेले उघडे आहेत. एका व्यक्तीवरून दुसरीवर सरळ उडी घेणारे, कोणत्याही सामान्य चित्रपटात असतात तसे. ते प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच होते, परंतु ध्यानात राहिले नाहीत. ध्यानात राहिली ती कल्पना, आणि कल्पनेला अपवाद सोसत नाहीत.

‘रिअर विंडो’ची कथाही अशीच आहे. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला छायाचित्रकार जेफरीज खिडकीशी बसून समोरच्या बिऱ्हाडांकडे पाहत असतो. कॅमेरा त्याची खोली सोडीत नाही आणि तो पाहील तेवढेच प्रेक्षक पाहतो, असे ह्या चित्रपटाचे सूत्र सांगितले जाते. बव्हंशी ते खरे आहे. परंतु जेफरीजला झोप लागलेली असताना समोरचा संशयित इसम एका काळ्या पोशाखातील स्त्रीसह घराबाहेर पडतो, आणि ते प्रेक्षक पाहतो, जेफरीज नाही. पुढे शेजाऱ्यांचा कुत्रा मेलेला आढळतो त्या प्रसंगी तर कॅमेरा सरळ चौकात उतरतो आणि शेजाऱ्यांचे चेहरे जवळून दाखवितो.

हे तपशील किरकोळ वाटले तरी सिद्धान्ताच्या दृष्टीने तसे नाहीत. लॉरा मल्व्ही ह्यांचा सुप्रसिद्ध निबंध १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चित्रपटातील नजर ही पुरुष नायकाची नजर असते व प्रेक्षक तिच्याशी तादात्म्य पावतो, ह्या मांडणीत ‘रिअर विंडो’ आणि ‘व्हर्टिगो’ ह्या दोहोंनाही महत्त्वाचे स्थान आहे. तो निबंध कोणत्या साधनांवरून लिहिला गेला हा येथे प्रश्न नाही. तो जेव्हा वाचला, शिकविला व उद्धृत केला जाऊ लागला तेव्हा वाचकांपाशी तो ताडून पाहण्यास चित्रपट नव्हते, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. नायक झोपलेला असताना प्रेक्षकाला अधिक ठाऊक होते, ह्या एका गोष्टीने ती मांडणी कोसळत नाही, पण तिला मर्यादा पडते. स्मरण जेथे अपवाद गाळते तेथे सिद्धान्ताला आयताच सरळ रस्ता मिळतो, हा ह्यातील धडा आहे.

(३)

एवढ्यावरून स्मरण अविश्वसनीय ठरविणे घाईचे होईल. कारण ‘व्हर्टिगो’ची साक्ष वेगळी आहे.

ह्या चित्रपटातील स्कॉटी हा माजी गुप्त पोलीस मॅडलिन नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडतो, ती मरण पावली असे मानतो, आणि नंतर भेटलेल्या ज्यूडी नावाच्या मुलीला पोशाख, केस, चाल ह्या सर्व बाबतींत मॅडलिनसारखी घडवू पाहतो. ज्यूडी हीच मॅडलिन म्हणून त्याच्यापुढे वावरली होती, हे रहस्य प्रेक्षकाला चित्रपट संपण्याच्या पुष्कळ आधी सांगितले जाते. ह्या चित्रपटाच्या चाहत्यांच्या बोलण्या-लिहिण्यांत कथानकाचे दुवे फारसे येत नाहीत. करडा पोशाख, हॉटेलच्या पाटीचा खोलीत पडलेला हिरवा उजेड, जिन्याची पोकळी एकाच वेळी दूर आणि जवळ जात असल्याचा भास, बर्नार्ड हरमनचे गोल गोल फिरणारे संगीत, हे येते. क्रिस मार्करच्या ‘सां सोलेय’ ह्या १९८३ च्या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘व्हर्टिगो’ची स्थळे एकामागून एक धुंडाळली आहेत. स्मरणाने केलेली ही तीर्थयात्राच होय. सान ह्वान बाउतिस्ताच्या जुन्या मिशनमध्ये येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला मात्र एक धक्का बसतो. ज्या मनोऱ्यावरून मृत्यू घडतात तो तेथे नाही. पूर्वी एक मनोरा होता, तोही चित्रीकरणाच्या वेळी उरलेला नव्हता. पडद्यावरचा मनोरा रंगविलेली चित्रे आणि स्टुडिओतील बांधकाम ह्यांतून उभा केलेला आहे. येथे स्मरण चुकलेले नाही. ते चित्रपटाशी इमानी राहिले आहे; जागाच चित्रपटासारखी नाही.

१९९६ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ ह्यांनी ‘व्हर्टिगो’चे पुनरुज्जीवन केले, तेव्हा स्मरणाची आणखी एक परीक्षा झाली. मूळ निगेटिव्हचे रंग उडालेले होते. चित्र सत्तर मिलिमीटर पट्टीवर नव्याने सिद्ध करण्यात आले. ध्वनीच्या बाबतीत पावले, दारे, बंदुकीचे बार ह्यांसारखे आवाज नव्याने मुद्रित करावे लागले. चित्राची प्रशंसा झाली. परंतु हे आवाज मूळचे नव्हेत, असा आक्षेप काही जुन्या प्रेक्षकांनी व अभ्यासकांनी घेतला. आक्षेप यथार्थ होता. पुढे घरी पाहावयाच्या काही आवृत्त्यांत मूळ ध्वनिपट्टाही देण्यात आला, आणि कोणालाही दोहोंतील अंतर ऐकता येऊ लागले. ज्या स्मरणाने ‘रोप’मधील उघडे जोड विसरले होते, त्याच जातीच्या स्मरणाने येथे पावलांचा नाद अचूक ओळखला. रचनेच्या बाबतीत स्मरण सुलभीकरण करते, पोताच्या बाबतीत ते आश्चर्यकारकपणे चिवट असते, असे अनुमान ह्यावरून निघते.

‘व्हर्टिगो’ची कथाच स्मरणातील प्रतिमेला जिवंत माणसावर लादण्याची असल्यामुळे हा चित्रपट आपल्याच इतिहासाचे रूपक आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. रूपक ताणू नये. पण त्यातील एक इशारा घेण्यासारखा आहे. स्कॉटीचा अपराध स्मरण बाळगल्याचा नाही. समोर उभ्या असलेल्या ज्यूडीला तो पाहत नाही, हा त्याचा अपराध आहे. चित्रपट परत आल्यावरही जुन्या समजुतींवर विसंबून लिहिणारा समीक्षक हेच करीत असतो.

(४)

‘द ट्रबल विथ हॅरी’विषयी ह्या संदर्भात फारसे सांगण्यासारखे नाही. ‘द मॅन हू न्यू टू मच’ मात्र स्मरणाचा तिसरा विशेष लक्षात आणून देतो. हिचकॉकने ह्याच नावाचा व ह्याच कथासूत्राचा चित्रपट १९३४ मध्ये इंग्लंडात काढला होता. लंडनच्या अल्बर्ट हॉलमधील मैफल आणि झांजांच्या आघाताची वाट पाहणारा मारेकरी दोन्हींत आहेत. अशा वेळी ‘तो’ प्रसंग कोणत्या आवृत्तीतला, हे स्मरणाने सांगणे कठीण. स्मरण पोत राखते, पण त्याचा पत्ता विसरू शकते.

मराठी चित्रपटाच्या इतिहासकाराला ह्याचे महत्त्व विशेष आहे, कारण त्याच्यापुढील बहुतेक मूकपट दाराआड नाहीत, कायमचे गेलेले आहेत. बाबुराव पेंटर ह्यांचा ‘सावकारी पाश’ हा नारायण हरि आपटे ह्यांच्या कथेवरील मूकपट १९२५ मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका त्यात व्ही. शांताराम ह्यांनी केली होती. हा मूकपट आज उपलब्ध नाही. त्याची थोरवी सांगताना जे. बी. एच. वाडिया ह्यांची एक आठवण दिली जाते : मंद उजेडातील उदास झोपडीचे लांबून घेतलेले दृश्य, आणि कुत्र्याचे रडणे. परंतु वाडिया ह्यांनी स्वतः मूकपट आपल्याला अंधुकच स्मरतो असे म्हटले आहे. पेंटरांची थोरवी त्यांना जाणवली ती १९३६ च्या बोलपटावरून. कुत्र्याचे रडणे हीच येथील अंतर्गत साक्ष होय. मूकपटात ते ऐकू येणार नाही. तरीही ही आठवण कधी कधी मूकपटाच्या खाती जमा झालेली दिसते. झोपडीचे दृश्य खोटे नाही, पत्ता चुकलेला आहे. हिचकॉकच्या बाबतीत चित्रपट परत येऊन साक्ष देऊ शकला. पेंटरांच्या मूकपटाच्या बाबतीत तशी आशा नसल्यामुळे अभ्यासकाची जबाबदारी वाढते.

ह्या कामी मराठी संशोधकाला परका आदर्श शोधावा लागणार नाही. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरेनुसार तो मूळ ग्रंथ परचक्राच्या धामधुमीत हरवला, आणि अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा लिहिला. त्या परंपरेची मोठी शिस्त अशी, की पाठ भिन्न असेल तेथे तो कोणाचा, हे नोंदविले जाते. हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावानेच ओळखला जातो. सगळ्या आठवणी एकत्र घोटून एकच गुळगुळीत कथा करण्याचा मोह तेथे टाळलेला आहे.

अनुपलब्ध चित्रपटांविषयीच्या आठवणी गोळा करणाऱ्या अभ्यासकानेही हीच शिस्त पाळावी. आठवण कोणाची, कोणत्या साली पाहिलेल्या कोणत्या आवृत्तीची आणि किती वर्षांनी सांगितलेली, हे तिच्यासोबतच नोंदवावे. चित्रपटाच्या रचनेविषयी ती काही ठाम विधान करीत असेल तर अन्य पुरावा मिळेपर्यंत ते राखून ठेवावे. उजेड, नाद, पोशाख, चेहरा ह्यांविषयी ती बोलत असेल तर तिला सहजासहजी झिडकारू नये. आणि चित्रपट हाती आला की आठवण फेकून न देता दोहोंतील अंतर मोजावे. कारण प्रेक्षकाने चित्रपटाचे काय केले, हे त्या अंतरातच लिहिलेले असते. मराठी मूकपट मोठ्या पडद्यावर पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या आठवणी दुसऱ्या पिढीच्या तोंडून ऐकावयास मिळतात तोवर त्या पत्त्यासह उतरवून घेणे अगत्याचे आहे.