अभिरूप न्यायालयात कोणते नियम मोडतात?

माणसाच्या आत जनावर आहे आणि सामाजिक नियम हे त्याच्या गळ्यातलं दावं, असं आपण धरून चालतो. विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (१९५४) शंख फुटतो आणि मुलांच्या टोळीला धरबंध उरत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) मात्र शिकार होते ती न्यायालयाच्या चौकटीतच. मग दावं कुठे गेलं?

‘नियम हा क्रौर्याचा मुखवटा’ हे या नाटकाबद्दलचं रूढ उत्तर मला अपुरं वाटतं. त्या खेळात कोणते नियम पाळले जातात आणि कोणते मोडतात, याची मी वाचताना सरळ यादी केली. आरोपीचा पिंजरा, शपथ, ‘शांतता!’चा पुकारा हे सगळं काटेकोर आहे. मोडतं ते वेगळंच. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष द्यायला उतरतात. सुखात्मे फिर्यादीचे वकील आणि बचावाचेही तेच. सामंत कादंबरी हातात धरून साक्ष देतो. ज्याची साक्ष निर्णायक ठरावी तो दामले आलेलाच नाही. बेणारेबाईंच्या स्वगताच्या वेळी बाकीची पात्रं निश्चल असतात. म्हणजे तिचं म्हणणं प्रेक्षकाला ऐकू येतं, न्यायालयाला नाही. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करण्याची!

आरोपीला बांधणारे नियम शाबूत आणि न्याय देणाऱ्याला बांधणारे तेवढे मोडीत, ही विभागणी मला महत्त्वाची वाटते. सत्ताधाऱ्याचा हात धरतो तो नियम माणसाला माणसात ठेवतो. उरलेले नियम जनावराला फक्त बसायला खुर्ची देतात.

विशीत मी हे नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहिल्या अंकात काशीकरांच्या कान कोरण्याला, सुखात्म्यांच्या वकिली थाटाला मनसोक्त हसलो होतो. पुढे आमच्या गावच्या एका बैठकीत एका बाईच्या चारित्र्याची चर्चा चालली होती. ती बाई तिथे नव्हती. ‘तिला बोलवा, तिचं ऐका’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. नियम मलाही माहीत होता. तो ज्यांच्यावर लागू करायचा होता ते समोर बसले होते, आणि त्यांच्यात मीही होतो.

त्यानंतर पहिला अंक वाचताना मला हसू आलेलं नाही.