शिक्षण, ग्रंथ आणि चळवळ : मराठवाड्यातील परिवर्तनविचाराचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

सामाजिक परिवर्तनाची चर्चा करताना शिक्षण, ग्रंथ आणि चळवळ हे तीन शब्द बहुधा एका दमात उच्चारले जातात. शिक्षणाने जागृती येते, ग्रंथांनी विचार मिळतो आणि चळवळीने बदल घडतो, अशी सरळ साखळी गृहीत धरली जाते. महात्मा फुले यांच्या जीवनकार्यात ही साखळी खरोखरच अखंड दिसते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे फुले १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहितात आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना करतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना शेतकऱ्याच्या करातून उभा राहिलेला पैसा उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे ते निर्भीडपणे मांडतात. शाळा, पुस्तक आणि संघटना ही तिथे एकाच कार्याची तीन अंगे आहेत.

मराठवाड्यात मात्र ही तीन अंगे एकाच वेळी, एकाच हातात आणि एकाच समाजासाठी क्वचितच आली. निजामी राजवट, परकी शिक्षणभाषा आणि सरंजामी जमीनव्यवस्था यांमुळे येथील परिवर्तनविचाराचा प्रवास वेगळा झाला. स्वामी रामानंद तीर्थ, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि नरहर कुरुंदकर यांच्या कार्याच्या आधारे या प्रवासाची चिकित्सा करणे आणि त्यातून आजच्या महाविद्यालयीन अध्यापनापुढे उभा राहणारा प्रश्न स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शाळेतून लढ्याकडे

हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ज्ञानाच्या दारात आपली भाषा बाहेर ठेवूनच आत जावे लागे. त्यामुळे मराठी माध्यमाची खाजगी शाळा काढणे हीच मराठवाड्यात एक राजकीय कृती ठरली. औसा तालुका त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही या कृतीची ठळक उदाहरणे होत.

स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) यांचे मराठवाड्यातील सार्वजनिक जीवन सुरू झाले ते शिक्षक म्हणून. प्रथम हिप्परगा आणि पुढे अंबाजोगाई येथे त्यांनी अध्यापन केले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना या शिक्षणकार्यातूनच लाभले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी घातल्या गेलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांचे ‘वंदे मातरम्’ आंदोलन पेटले. उस्मानियातून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ हे पत्र बंदीनंतरही नावे बदलून निघत राहिले. शाळा, छापील शब्द आणि सत्याग्रह यांचे नाते या काळात प्रत्यक्ष दिसते.

या नात्याचा क्रम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. स्वामीजींचा हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींचा ग्रंथ १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ नंतर जवळजवळ दोन दशकांनी. प्रथम शाळा, मग लढा आणि अखेरीस ग्रंथ असा हा क्रम आहे. येथे ग्रंथ चळवळीला जन्म देत नाही; तो चळवळीचे स्मरण जपतो. स्मरणग्रंथाचे मोल मोठे असते, परंतु त्याचे स्वरूप सिद्ध झालेल्या गोष्टीची नोंद असे असते. जे सिद्ध झाले नाही त्याचा शोध वाचकाला अन्यत्र घ्यावा लागतो.

मुक्तिसंग्रामाने राजकीय स्वातंत्र्य सिद्ध केले, सामाजिक स्वातंत्र्य मात्र उरले. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिम समाजाला मोठ्या हिंसेला तोंड द्यावे लागले. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाने ते नोंदविले. पण तो अहवाल सर्वांसाठी खुला होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. याच काळात राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा बदलली. मराठी मुलांना आपली भाषा मिळाली, हे न्याय्यच झाले. त्याच वेळी औसा, उदगीर, नांदेड अशा गावांतील उर्दूत शिकलेली एक पिढी आपल्या विद्येसह बाजूला पडली. मुक्तिसंग्रामाच्या स्मरणसोहळ्यांत ही दुसरी बाजू क्वचितच येते. एका भाषेवरील अन्याय दूर करताना दुसऱ्या भाषेतील माणसांचे काय झाले, हे विचारणे म्हणजे त्या लढ्याचा अवमान नव्हे. एका शिक्षकाने उभ्या केलेल्या लढ्याला शिक्षकांनी विचारावयाचा तो रास्त प्रश्न आहे.

चळवळीतून महाविद्यालयाकडे

डॉ. आंबेडकरांच्या कार्यात हा क्रम उलटा आहे. महाडचा सत्याग्रह (१९२७), त्याआधी ‘मूकनायक’ (१९२०), नंतर ‘जातिनिर्मूलन’विषयक ग्रंथ (१९३६) आणि अखेरीस शिक्षणसंस्था असा तो प्रवास आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ मध्ये त्यांच्या उपस्थितीत झालेली महार-मांग परिषद या प्रदेशातील दलित समाजाच्या स्मृतीत आजही आहे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, या संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले.

मराठवाड्याची निवड येथे अर्थपूर्ण आहे. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, तेथे बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले. खेड्यातून आलेल्या मुलाला वसतिगृह मिळाले, ग्रंथालय मिळाले आणि आपल्यासारखेच जगलेले सोबती मिळाले. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेथे साहित्य जन्मले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या. येथे वाचक आणि लेखक यांच्यात अंतर राहिले नाही. काल ग्रंथालयात बसलेला विद्यार्थी आज लिहू लागला. शिक्षण आणि ग्रंथ यांचा हा संबंध स्वामीजींच्या परंपरेहून वेगळा आहे. एका परंपरेत लढा देऊन झाल्यावर आठवणी लिहिल्या गेल्या, तर दुसरीत लिहिणे हाच लढ्याचा भाग झाला.

वर्गातून व्यासपीठाकडे

तिसरे उदाहरण नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचे. १९५० मध्ये स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज स्थापन झाले. त्या महाविद्यालयात कुरुंदकरांनी मराठीचे अध्यापन केले आणि पुढे ते तेथेच प्राचार्य झाले. ‘जागर’ (१९६९) व ‘शिवरात्र’ (१९७०) या ग्रंथांतून त्यांनी धर्मनिरपेक्षता, जमातवाद आणि लोकशाही या विषयांची परखड मांडणी केली. त्यांच्या लेखनाचे मूळ बहुधा व्याख्यानात असते. त्यामुळे त्यांची वाक्ये ऐकणाऱ्याला उद्देशून येतात, दाखले लगोलग येतात आणि प्रतिपक्षाची बाजू प्रतिपक्षालाही मान्य व्हावी इतक्या नेटकेपणाने मांडून मग तिचे खंडन होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील श्रोत्याला त्यांनी तर्काची गोडी लावली. फेब्रुवारी १९८२ मध्ये औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनाचा आणि पद्धतीचा तो जणू एकच शेवट होता.

कुरुंदकरांच्या पद्धतीची एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. युक्तिवादाने मन वळते, अशी या पद्धतीची श्रद्धा आहे. समोरचा माणूस ऐकण्यास तयार असेल तर ती फलदायी ठरते. परंतु ज्याच्या हाती जमीन, पाणवठा आणि मजुरी आहे त्याला ऐकण्याची गरज नसते. गावातील सत्ता तर्कावर उभी नसते, म्हणून ती केवळ तर्काने हलतही नाही. हा दोष एका विचारवंताचा नाही. व्याख्यानाच्या परिणामावर विसंबलेल्या आपल्या एकूण प्रबोधनपरंपरेचा तो आहे.

१९७८ : कसोटीचा प्रसंग

या तिन्ही परंपरांची कसोटी १९७८ मध्ये लागली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे लाँग मार्च, तुरुंगवास आणि बलिदाने यांत गेली.

या घटनाक्रमाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा की, वाद एका विद्यापीठाच्या नावाचा होता आणि नामांतराच्या विरोधात विद्यार्थी व सुशिक्षितही रस्त्यावर उतरले होते. मुक्तिसंग्रामानंतर तीस वर्षांत शाळा वाढल्या, महाविद्यालये निघाली, १९५५ चा हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा यांनी ग्रंथालयांना आधार दिला. तरीही पदवी घेतलेल्या माणसाला शेजारच्या वस्तीतील माणूस आपल्या बरोबरीचा वाटला नाही. शिक्षणाने जागृती येते हे विधान येथे अपुरे ठरते. कोणाच्या सोबत बसून शिकले, काय वाचले आणि वाचलेले कोठे वापरले, या तीन प्रश्नांशिवाय त्या विधानाला अर्थ उरत नाही. मिलिंदमध्ये वाढलेली पिढी आणि तिच्या विरोधात उभी राहिलेली पिढी, दोन्ही शिकलेल्याच होत्या. त्यांचे वाचन मात्र एकमेकांपर्यंत पोचले नव्हते.

लातूर आणि औसा : वर्तमानाचा प्रश्न

याच्या पुढचा टप्पा ‘लातूर पॅटर्न’चा आहे. ग्रामीण विद्यार्थी गुणवत्ता यादीत येऊ शकतो, हे या पद्धतीने सिद्ध केले आणि मागासलेपणाचा शिक्का पुसला. तिचे हे श्रेय निर्विवाद आहे. या पद्धतीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते प्राचार्य जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा व संस्कृतीचा मराठी वाचकाला परिचय करून देणारे अभ्यासक आहेत आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (१९९४) पहिले कुलगुरूही. म्हणजे या पद्धतीच्या उगमापाशी ग्रंथ आणि सामाजिक दृष्टी दोन्ही होत्या. प्रसारात मात्र सरावाच्या प्रश्नपत्रिका तेवढ्या उरल्या आणि बाजाराने शिकवणीवर्गांचे जाळे उभारले. अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय ठरला.

औसा तालुक्याला मात्र आणखी एक शिकवण मिळालेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्वसनाच्या काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घराची दुरुस्ती, अनुदानाचे हप्ते, भूकंपरोधक बांधकाम यांची माहिती त्यांनी स्वतः शिकून घेतली, इतरांना दिली आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. यांतील अनेकींचे शालेय शिक्षण अल्प होते. तरीही येथे शिकणे, शिकविणे आणि कृती करणे एकत्र आले, कारण ज्ञानाची गरज आणि त्याचा वापर यांत अंतर नव्हते. या अनुभवात उणीव राहिली ती ग्रंथाची. या स्त्रियांनी काय शिकले, याचे त्यांच्याच शब्दांतील लेखन मराठी साहित्यात फारसे आले नाही. महाविद्यालयापासून काही मैलांवर घडलेला हा शिक्षणप्रयोग महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोचला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मराठवाड्यात परिवर्तनाची तिन्ही साधने होती, परंतु ती वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या समाजगटांकडे होती. मुक्तिसंग्रामात शाळा आणि लढा होता, समकालीन सामाजिक ग्रंथ क्षीण होता. कुरुंदकरांच्या परंपरेत वर्ग आणि ग्रंथ होता, संघटित कृती मर्यादित होती. किल्लारीत शिक्षण आणि कृती होती, ग्रंथ नव्हता. तिन्ही एकत्र आली ती प्रामुख्याने आंबेडकरी परंपरेत, आणि तिलाच या प्रदेशाने सर्वाधिक विरोध केला. हा योगायोग मानता येत नाही. तिन्ही साधने एकत्र येतात तेव्हाच प्रस्थापित व्यवस्थेला धक्का बसतो, आणि धक्का बसतो म्हणूनच विरोध होतो.

तालुक्याच्या गावातील महाविद्यालय आज पदवी देते, परीक्षा घेते आणि १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करते. त्या दिवशी स्वामीजींचे स्मरण होते, ते योग्यच आहे. परंतु स्वामीजी आधी शिक्षक होते, हे त्या स्मरणात यावयास हवे. त्यांच्या शाळेने विद्यार्थ्याला पुस्तकापासून गावापर्यंत नेले होते. उर्दूत शिकलेल्या आजोबांची आठवण, नामांतराच्या काळात जळालेल्या घराची हकीकत आणि भूकंपानंतर पंचायतीत उभ्या राहिलेल्या बाईचे शब्द विद्यार्थ्यांनी टिपून आणले, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आज नसलेला ग्रंथ तेथेच तयार होईल. असा ग्रंथ वर्गात वाचला जाणे आणि त्यावर दोन्ही वस्त्यांतील मुलांनी एका बाकावर बसून वाद घालणे, ही १९७८ मध्ये अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाची पुढची पायरी होय. ती चढण्याची जबाबदारी प्रथम अध्यापकाची आहे.