बॅग, घड्याळ आणि फाटा

विमानतळाला जाणारा बसप्रवासी इतर प्रवाशांहून दोन बाबतींत वेगळा असतो. त्याच्या हाताशी चाकांची मोठी बॅग असते आणि मनात उशीर होण्याची धास्ती. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची बॅग सोपवता येते, ७ किलोची सोबत नेता येते आणि सामान घेणारी खिडकी बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. बस कोणती घ्यायची आणि ती कोणत्या रस्त्याने न्यायची, हे दोन्ही निर्णय या तीन आकड्यांतून निघाले पाहिजेत. ज्या शहरांनी ते तसे घेतले, त्यांच्या विमानतळ-बसला एक घाट आला आहे. मला तो चांगल्या बंदिशीइतकाच दाद देण्याजोगा वाटतो.

भारतात हा घाट पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो बंगळुरूला. २००८ च्या मे महिन्यात तिथला नवा विमानतळ सुरू झाला आणि शहराच्या पोटातला एचएएलचा जुना विमानतळ नेहमीच्या प्रवासी विमानांसाठी बंद झाला. कालपर्यंत रिक्षाने गाठता येणारा विमानतळ एका रात्रीत देवनहळ्ळीजवळ, शहराच्या मध्यापासून ३५ किलोमीटरच्या आसपास गेला. मेट्रो तेव्हा नव्हती. बंगळुरूच्या महानगर परिवहन महामंडळाने त्या प्रसंगी 'वायु वज्र' ही सेवा आणली आणि तिच्यासाठी व्होल्वोची वातानुकूलित लो-फ्लोअर बस निवडली.

ही निवड नीट पाहण्यासारखी आहे. साधारण बारा मीटर लांबीची ही गाडी. इंजिन मागे, त्यामुळे पुढचा भाग दारापासून मधल्या दारापर्यंत सपाट आणि जमिनीपासून जेमतेम एका पायरीच्या उंचीवर. मागच्या चाकांपाशी मात्र आत पायऱ्या चढाव्या लागतात, कारण यंत्र कुठेतरी बसवावेच लागते. हवेच्या सस्पेन्शनमुळे थांब्यावर गाडी दाराच्या बाजूने थोडी झुकते. पंधरा किलोची बॅग घेऊन आलेल्या साठीच्या बाईंना ती उचलावी लागत नाही, ढकलत आत नेता येते. बसच्या रचनेतला खरा शहाणपणा मला याच जागी दिसतो. गुबगुबीत खुर्ची आणि थंड हवा विकत घेता येते. बॅग उचलावी न लागणे हे मात्र कोणीतरी आधी विचार केल्याशिवाय मिळत नाही.

पण या शहाणपणाची किंमतही मोजावी लागते. जमीन खाली आणली की तिच्या पोटातली डिकी जाते. चाळीस प्रवाशांचे प्रत्येकी १५ किलो धरले तरी ६०० किलो सामान होते, आणि वजनापेक्षा त्याचा आकार अडचणीचा. ते ठेवायचे तर आतच, म्हणजे काही आसने काढून तिथे कप्पे करायचे. आसन काढणे म्हणजे तिकीट सोडणे. परिवहन उपक्रमाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे किती टोचत असेल! तरीही सामानाला जागा दिली, म्हणून ती विमानतळाची बस झाली. जिथे फक्त शहर-बसचा रंग बदलून बाजूला विमानाचे चित्र काढतात, तिथे बॅगा मधल्या वाटेत उभ्या राहतात, प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्याला बॅगांचे डोंगर ओलांडावे लागतात आणि गाडीचा वेळ तिथेच सांडतो. दहा थांब्यांवर मिनिट-दीड मिनिट असा सांडला की एखाद्याचे विमान चुकण्याइतका उशीर सहज होतो. वाहन आणि वेळापत्रक यांचा संबंध इतका थेट आहे.

आता मार्ग. वायु वज्रचे मार्ग शहराच्या वेगवेगळ्या टोकांहून निघतात. केआयए-९ मॅजेस्टिकच्या बसस्थानकातून येतो, जिथे रेल्वे आणि राज्यभरच्या एसटी भेटतात. केआयए-८ दक्षिणेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून येतो, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाहून. यांतले बहुतेक मार्ग हेब्बाळपाशी एकत्र येतात आणि तिथून येलहंक्यावरून बळ्ळारी रस्त्याने विमानतळाकडे जातात. हेब्बाळपर्यंत बस शहराची असते, जागोजागी थांबते, माणसे गोळा करते. हेब्बाळनंतर ती फारशी थांबत नाही. या वळणावर प्रवाशाची धास्ती कमी होते. खिडकीबाहेर रस्ता मोकळा होतो, गाडी वेग धरते आणि हात घड्याळाकडे कमी वेळा जातो. शहरात थांबून लोकांना जवळ करायचे आणि शहर संपले की न थांबता त्यांना निश्चिंत करायचे, या दोन वृत्ती एकाच फेरीत बसवल्या आहेत. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर वाहतूक तुंबली की हे मार्ग एकदम अडकतात, हा या रचनेचा उघडा दोष. पण शहराची भूमीच तशी आहे. बसला नवा रस्ता निर्माण करता येत नाही.

पुण्याचा प्रश्न याच्या उलट आहे. लोहगावचा विमानतळ शहरातच, हवाई दलाच्या तळालगत. अंतर थोडे, गर्दी फार. पीएमपीएमएलने २०२१ मध्ये 'अभि' नावाने विमानतळासाठी विजेवरच्या बस सुरू केल्या आणि हिंजवडी, निगडी अशी लांबची टोके विमानतळाला जोडली. मला हा विचार बरोबर वाटतो. कोरेगाव पार्कचा माणूस रिक्षा करील, त्याला दहा मिनिटांचा रस्ता. हिंजवडीच्या माणसाला टॅक्सीचे भाडे खुपते, म्हणून बस त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. गोव्यात २०२३ च्या जानेवारीत पेडणे तालुक्यातल्या मोपाहून विमाने उडू लागली, तेव्हा कदंब महामंडळाने विजेवरच्या बस पणजी, म्हापसा, मडगावकडे लावल्या. दाबोळीच्या जुन्या विमानतळाला सवयीने जाणाऱ्या सासष्टीच्या माणसाला राज्याच्या दुसऱ्या टोकाचा विमानतळ आपला वाटायचा तर पहिल्या दिवसापासून बस हवी, हे तिथे ओळखले गेले.

हाँगकाँगचा नमुना मात्र मला सर्वांत पुढचा वाटतो. तिथला विमानतळ १९९८ मध्ये चेक लाप कोक बेटावर गेला. 'ए' अक्षराचे मार्ग थेट, वेगवान, महाग. दुमजली गाडीत सामानाचे कप्पे खालच्या मजल्यावर, आणि वर बसलेल्याला आपली बॅग दिसावी म्हणून वरच्या मजल्यावर स्क्रीन लावलेला. प्रवाशाची शंका इतक्या नेमकेपणाने ओळखून तिला उत्तर देणारी दुसरी सोय मी ऐकलेली नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'ई' अक्षराचे मार्ग. ते सावकाश जातात, बेटावरच्या मालवाहतूक आणि कामकाजाच्या भागांतून फिरतात आणि स्वस्त आहेत. विमानतळावर रोज येणारा माणूस विमानात बसत नाही. तो सामान चढवतो, झाडतो, स्वयंपाक करतो, पहाऱ्याला उभा राहतो. त्याला बॅग नसते, पण त्याचे घड्याळ प्रवाशाच्या घड्याळाइतकेच कडक असते. त्याच्यासाठी वेगळा मार्ग आखणे ही जाण माझ्या मते कुठल्याही गाडीच्या मॉडेलपेक्षा श्रेष्ठ आहे.

हे सारे मी माळव्यात बसून पाहतो आहे, म्हणून इंदूरकडे वळल्याशिवाय राहवत नाही. इंदूरच्या विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे आणि तो बिजासनच्या टेकडीलगत, शहराच्या पश्चिमेला आहे. शहर-बसच्या बाबतीत इंदूरची कीर्ती मोठी. महापालिका आणि विकास प्राधिकरणाने मिळून कंपनी काढली, २००६ पासून तिच्या बस धावू लागल्या आणि १० मे २०१३ रोजी आग्रा-मुंबई रस्त्यावर आयबसची ११.५ किलोमीटरची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. पण त्या आयबसकडे वाहन म्हणून पाहा. तिची दारे उजवीकडे, कारण स्थानके रस्त्याच्या मधोमध. जिथे तिची मार्गिका होती तिथे ती उत्तम चालली आणि मार्गिका सोडून कुठेही जाऊ शकली नाही. विमानतळाकडच्या साध्या थांब्यावर तिला दारच नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मार्गिका काढण्याचे ठरले. एका रस्त्यासाठी घडवलेली गाडी त्या रस्त्याबरोबरच संपते, हे बस निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आता धार रस्ता. तोही इंदूरच्या पश्चिमेला. बेटमा, घाटाबिल्लोदकडून येणारी बस विमानतळाच्या दक्षिणेने, थोड्या अंतरावरून पुढे जाते आणि गंगवाल स्टँडवर माणसे उतरवते. धारचा प्रवासी तिथून ऑटो करून उलट पश्चिमेला येतो. सामान दोनदा उतरवायचे, दोनदा चढवायचे आणि भाड्याची घासाघीस करायची, तेही पहाटे. धारला अजून रेल्वे नाही. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली, काम चालू आहे. मध्य प्रदेशचे राज्य परिवहन निगम गुंडाळण्याचा निर्णय २००५ मधला, तेव्हापासून रस्ता खासगी बसवाल्यांकडे. या जिल्ह्याला बसशिवाय दुसरे साधन नाही आणि त्या बसला विमानतळ ठाऊक नाही.

बंगळुरू विमानतळाहून थेट मैसूरला जाणारी 'फ्लायबस' कर्नाटकाने २०१३ मध्ये सुरू केली, तिची आठवण इथे होते. तिथे वाहन बदलले. लो-फ्लोअर सोडून उंच, मल्टी-ॲक्सल व्होल्वो आली, पोटात मोठी डिकी, आत शौचालय. दोन टोके आणि मधला लांब पल्ला, तर बॅग एकदाच चढणार आणि एकदाच उतरणार. मग सपाट जमिनीपेक्षा डिकी मोलाची. मैसूरच्या माणसाला मॅजेस्टिकला उतरून पुन्हा चढावे लागत नाही. धार ते इंदूर विमानतळ हे अंतर तर मैसूरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, साठेक किलोमीटर.

गाडी शोधायला लांब जावे लागत नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. धार जिल्ह्यातच, पीथमपूरजवळ बग्गडला आयशरचा बस-कारखाना आहे. २०२० मध्ये व्होल्वोचा भारतातला बस-व्यवसाय आयशर आणि व्होल्वोच्या संयुक्त कंपनीत सामील झाला, म्हणजे वायु वज्रचे घराणे आणि बग्गडचा कारखाना आता एकाच छपराखाली आहेत. फोर्सची ट्रॅव्हलरही पीथमपूरची. देशभर विमानतळांबाहेर उभ्या दिसणाऱ्या छोट्या गाड्या या मातीत घडतात, आणि धारच्या माणसाला विमानतळ गाठायला त्यातली एक नाही.

गंधवानीपर्यंत विचार नेला की वाहनाचा प्रश्न पुन्हा वेगळा होतो. गंधवानी धारच्या नैर्ऋत्येला, माळव्याचे पठार उतरून निमाडाच्या बाजूला. भिल्ल आणि भिलाला वस्तीचा तालुका. इथली माणसे बांधकामाच्या कामाला गुजरातेत जातात तीही बसनेच. घाटाच्या वळणांवर बारा मीटरची लो-फ्लोअर बस आणणे चुकीचे. तिचे पोट रस्त्याला घासेल आणि वळणावर तिची शेपटी बाहेर जाईल. इथे नऊ मीटरची किंवा त्याहून लहान, उंच चाकांची, मागे डिकी असलेली गाडी हवी. ती धारपर्यंत यावी आणि धारला विमानतळाची मोठी बस तिच्यासाठी थांबावी. थांबणे हा शब्द इथे महत्त्वाचा. लहान गाडी दहा मिनिटे उशिरा आली म्हणून मोठी निघून गेली, तर गंधवानीचा माणूस दुसऱ्या खेपेला जीपच करील.

वेळापत्रकही एकाच साच्याचे चालणार नाही. सकाळी साडेसहाचे विमान असेल तर पावणेपाचला विमानतळावर पोचायला हवे, म्हणजे धारहून तीन-सव्वातीनला निघायला हवे. धारला ते जमेल, शहर आहे, स्टँडवर दिवे आहेत. गंधवानीहून त्यासाठी मध्यरात्रीनंतर दीडला निघावे लागेल, आणि त्या वेळी पाड्यावरून फाट्यापर्यंत कोणी एकट्याने येऊ नये. गंधवानीची फेरी दुपारच्या विमानांशी जोडावी: सकाळी सातला निघून बाराच्या आत विमानतळ, आणि परतीची संध्याकाळी, उजेड असताना घाट उतरेल अशी. भाडे साध्या बसचे असावे, कारण तिच्यातली बहुतेक आसने विमानाच्या प्रवाशांची नसतीलच. धारच्या दवाखान्याला निघालेले, इंदूरला कॉलेजला जाणारे, पीथमपूरच्या पाळीवर जाणारे लोक तीत बसतील आणि त्यांच्या तिकिटांवर ती गाडी उभी राहील. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवे'ला मंजुरी दिली, सरकारी देखरेखीखालच्या बस पुन्हा आणण्यासाठी. तिचे मार्ग आखणाऱ्यांनी धार रस्त्याच्या नकाशावर विमानतळाकडे वळणारा तो एक फाटा आधी पाहावा. साठ किलोमीटर आलेल्या बसला तिथे वळून यायला जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटे लागतील, आणि गंगवालच्या प्रवाशांनी तेवढा वेळ सोसावा, असे मला मनापासून वाटते.